कमावलेले कातडे, गमावलेली जमीन : एक प्रस्तावना

चेन्नईच्या बीच स्थानकावरून तांबरमकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीत बसले, म्हणजे सैदापेट, गिंडी, मीनंबाक्कम, पल्लावरम अशी स्थानके एकामागून एक सरतात आणि मग पिवळ्या पाटीवर एक नाव दिसते : क्रोमपेट. तमिळमधील पेट्टै म्हणजे आपली पेठच. आणि वारांच्या, देवांच्या व पेशव्यांच्या नावांच्या पेठांत वाढलेल्या मराठी माणसाला एका धातूच्या नावाने वसलेली पेठ पाहून प्रथम नवल वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास सरकारच्या सेवेतील आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे प्रयोग या प्रांतात केले, पुढे जी. ए. चेंबर्स यांनी पल्लावरमजवळ क्रोम लेदर कंपनीचा कारखाना उभारला, आणि त्याच्या भोवती वाढलेल्या वस्तीने त्याचे नाव घेतले. त्या काळी ते नाव उद्यमशीलतेचे भूषण होते. दूषित मातीविषयीच्या या पुस्तकाची प्रस्तावना शेतापासून आरंभ न करता रेल्वेच्या एका स्थानकापासून करण्याचे कारण एवढेच की, शेतजमिनीत आज जे विष सापडते त्याचा उगम बहुतेक वेळा शेतात नसतो. तो पेठेत, वखारीत, बंदरात आणि दूरच्या गिऱ्हाइकाच्या मागणीत असतो.

कातडे कमावण्याची आपली जुनी रीत झाडाच्या सालीवर चालत असे. दख्खनच्या माळावर सोनेरी फुलांनी फुलणारा जो तरवड आपण जाणतो, त्यालाच तमिळमध्ये आवारम् म्हणतात, आणि त्याच्या सालीवर कमावलेली मद्रासची कातडी एकोणिसाव्या शतकात थेट लंडनच्या बाजारात नावाजलेली होती. आपल्याकडेही ढोर समाजाने बाभूळ, हिरडा आणि तरवड यांच्याच बळावर हा कष्टाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, आणि कोल्हापुरी चपलेचे चामडे त्याच परंपरेतले आहे. सालीच्या कुंडात कातडे मुरायला आठवडे लागत. क्रोमच्या पिंपात तेच काम दिवसाभरात उरकते, शिवाय चामडे मऊ, उष्णता सोसणारे आणि हव्या त्या रंगात रंगणारे निघते. व्यापाराला दुसरे काय हवे असते? तरीही, स्वातंत्र्यानंतर पाव शतकापर्यंत मद्रासचा भर सालीवर अर्धवट कमावलेल्या मालाच्या निर्यातीवर होता. १९७२ च्या सुमारास सीतारामय्या समितीने, कच्चा व अर्धकच्चा माल परदेशी पाठवून त्यावरचा नफा दुसऱ्याच्या पदरात घालण्यापेक्षा तयार चामडे आणि चामड्याच्या वस्तू येथेच बनवाव्यात, अशी शिफारस केली. राष्ट्रीय अर्थकारणाच्या दृष्टीने त्या शिफारशीत चूक काढता येत नाही. मात्र नफ्याबरोबर सांडपाणीही याच देशात राहणार, ते कोणत्या शिवारातून वाहणार, याचा हिशोब त्या वेळी कोणी मांडला नाही, आणि या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक प्रकरण त्या न मांडलेल्या हिशोबाची एकेक बाजू आहे.

या धंद्याचा माल चेन्नईच्या पेरियामेटमधील गोदामांत विकला जात असला, तरी तो घडतो पश्चिमेला, पालार नदीच्या काठी. वाणियंबाडी, आंबूर, पेर्णांबट्टू, मेलविशारम, राणीपेट ही गावे एका माळेत ओवल्यासारखी त्या खोऱ्यात बसली आहेत. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांच्या फौजांनी वेढलेला आणि १६७८ साली मराठ्यांच्या हाती आलेला वेलोरचा कोट याच खोऱ्यात आहे, आणि बखरींतले अर्काट येथून हाकेच्या अंतरावर. पाल म्हणजे दूध आणि आरु म्हणजे नदी, अशी पालारची फोड तमिळ माणूस करून दाखवतो. वर्षाचा बराच काळ ही नदी वाळूच्या पोटातून वाहते. वर कोरडे पात्र दिसते आणि खाली पाणी असते. काठावरची भाताची, उसाची, केळीची व नारळाची शेती याच दडलेल्या पाण्यावर विहिरींच्या आधाराने उभी राहिली. ज्या नदीचे पाणी डोळ्यांना दिसत नाही, तिच्यात काय मिसळले तेही डोळ्यांना दिसत नाही, आणि ही नैसर्गिक रचनाच येथे घातकी ठरली.

एक किलो चामडे तयार करण्यास सुमारे पस्तीस लिटर पाणी लागते आणि क्रोमच्या पद्धतीत सुमारे एकशे सत्तर प्रकारची रसायने वापरली जातात, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालपत्रात नमूद आहे. कातडे कुजू नये म्हणून प्रथम ते मिठात दाबतात. ते मीठ धुऊन काढतात. मग केस सुटावेत म्हणून चुन्याच्या पाण्यात सोडियम सल्फाइडबरोबर भिजवतात. मग चुना काढण्यासाठी अमोनियमचे क्षार, त्यानंतर पुन्हा मीठ आणि गंधकाम्ल, आणि शेवटी क्रोमियम सल्फेटचे पिंप. कच्च्या कातड्याच्या वजनापैकी जेमतेम चौथा हिस्सा चामडे होऊन बाहेर पडतो. बाकी सारे, आणि कातड्याने न शोषलेले क्रोमियमही, पाण्याबरोबर वाहते किंवा गाळ होऊन साचते.

क्रोमियमचे नाव मोठे झाले, पण शेतकऱ्याला आधी मारले ते मिठाने. पालारच्या काठावरील एका शेतात उभे राहून मी जे पाहिले ते लिहितो. विहीर चांगली खोल, दगडी बांधणीची. पाण्याला किंचित तपकिरी झाक आणि काठाशी फेसाची बारीक रेघ. शेताच्या सखल कोपऱ्यात जमिनीवर पांढुरका थर आला होता आणि त्याच्या कडेने काळसर, तेलकट दिसणारे डाग होते. शेतमालकाने मूठभर ढेकूळ उचलून पेल्यातील पाण्यात सोडले. चांगल्या जमिनीचे ढेकूळ पाण्यात बसून राहते. हे ढेकूळ पाहता पाहता विरघळल्यासारखे झाले आणि पेल्यातले पाणी गढूळ होऊन तसेच राहिले, तळ काही दिसेना. त्या भल्या गृहस्थाने एकच शब्द उच्चारला : कळर. आपल्या कृष्णाकाठचा शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो. मिठातील सोडियम मातीच्या सूक्ष्म कणांवर जाऊन बसले, की कणांची परस्परांना धरून राहण्याची शक्ती नष्ट होते, छिद्रे बुजतात, पावसाचे पाणी मुरत नाही आणि उन्हात पृष्ठभाग फरशीसारखा कठीण होतो. त्या बांधावरच्या नारळांची झावळी पिवळी पडून खाली लोंबत होती, आणि फळे इतकी लहान की ती उतरवण्याची मजुरीही सुटत नाही, असे त्याने सांगितले. ओल्या जमिनीला मीठ फुटल्याचे मी सांगली जिल्ह्यात पाहिले आहे. पण तेथे ते अतिरेकी पाटपाण्याने फुटते आणि त्यात शेतकऱ्याचा थोडाफार हात असतो. येथे शेतकऱ्याने आपल्याच विहिरीचे पाणी आपल्याच शेताला दिले होते.

क्रोमियमची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याविषयी भडक लिहिणे जितके सोपे तितकेच अन्यायाचे आहे. कातडे कमावण्यात वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते, पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पिकाच्या मुळांतून वर चढण्याचे प्रमाणही अल्प असते. षट्संयुजी क्रोमियमचा स्वभाव नेमका उलटा : ते विरघळते, पाण्याबरोबर दूर जाते, सजीव पेशींत शिरते आणि मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते. मातीत मँगॅनीजची ऑक्साइडे असतील तर पहिल्याचा काही अंश दुसऱ्यात पालटू शकतो. म्हणून ‘मातीत क्रोमियम किती’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे हे विचारावे लागते.

राणीपेटला ते कोणत्या रूपात आहे, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. जिंजीच्या देसिंग राजामागे सती गेलेल्या राणीच्या स्मरणार्थ अर्काटच्या नबाबाने वसवलेली पेठ, अशी या गावाची परंपरागत कथा आहे. येथील औद्योगिक वसाहतीत १९७० च्या दशकात ‘तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स’ हा क्रोमियमची रसायने बनवणारा कारखाना सुरू झाला आणि १९९५ च्या सुमारास बंद पडला. खनिज भाजून क्रोमेट काढून घेतल्यावर उरलेला दीड लाख टनांहून अधिक गाळ त्याने आवारात उघड्यावर टाकला होता. मालक गेले, कामगार पांगले, ढीग राहिला. आणि पावसाळ्यात त्यातून पाझरणारे पाणी लिंबासारखे पिवळे दिसे. तो पिवळा रंगच षट्संयुजी क्रोमियमची खूण. जगातील अतिप्रदूषित स्थळांची जी यादी अमेरिकेतील ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने २००६ साली प्रसिद्ध केली, तिच्या पहिल्या दहांत राणीपेट होते. कारखाना बंद होऊन पाव शतक लोटले, तरी तो ढीग जागचा हलला नव्हता. याच वसाहतीत ३१ जानेवारी २०१५ च्या रात्री सामायिक सांडपाणी-शुद्धीकरण केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळली आणि शेजारी झोपलेले दहा कामगार त्या गाळाखाली गुदमरून मेले. त्यांपैकी बहुतेक पोटासाठी बंगालातून आलेले होते. शेताचे रक्षण करण्यासाठी अडवलेला गाळ माणसांच्या अंगावर आला, कारण त्याची अंतिम विल्हेवाट कोठे लावायची याचा निर्णय कोणी केलाच नव्हता.

येथे मला या पुस्तकाचा मध्यवर्ती मुद्दा सांगावासा वाटतो. चेन्नईत मौंट रोडच्या टोकाला, बेटाच्या मैदानाजवळ, सर टॉमस मन्रो यांचा अश्वारूढ पुतळा आहे. १७९२ साली टिपूकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या बारामहालात अलेक्झांडर रीड आणि त्यांचे साहाय्यक मन्रो यांनी शेताशेताची मोजणी करून रयतेशी थेट सारा ठरवण्याची जी पद्धती घातली, ती रयतवारी; आणि आज ज्या जिल्ह्यात वाणियंबाडी व आंबूर मोडतात तो तिरुप्पत्तूरचा मुलूख त्या बारामहालातच होता. पुढे १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपल्या इंदापूर तालुक्यात पाहणी करून जमिनीची प्रत लावली. मातीचा रंग, तिची खोली, तिच्यातील चुनखडी, रेती, ओल, एवढेच नव्हे तर उतार आणि पाणथळपणा हे सारे पाहून आण्यांत तिची किंमत ठरली. अव्वल कारकुनापासून कुळकर्ण्यापर्यंत एक अवाढव्य यंत्रणा या कामी राबली, आणि तिचे शब्द आजही दोन्हीकडे जिवंत आहेत. तमिळनाडूच्या तालुका कचेरीत दर वर्षी भरते तिला जमाबंदीच म्हणतात. पट्टा, चिट्टा, अडंगल ही त्यांची दप्तरे आणि सातबारा आपला. कोणत्या गटात कोणते पीक, विहीर कोणाची, झाडे किती, बोजा कोणत्या सोसायटीचा, हे सर्व त्यांत सापडते. ती माती विषारी झाली आहे काय, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने सारा घेण्यासाठी मातीचा कण न्‌ कण पारखला, तिने मातीची हानी नोंदण्यासाठी एकही रकाना ठेवला नाही, आणि त्यामुळे जो शेतकरी कचेरीत फिर्याद घेऊन जातो त्याच्या हाती पुरावाच नसतो.

ही उणीव न्यायालयातच उघडी पडली. वेलोर येथील नागरिकांच्या संघटनेने १९९१ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती कुलदीप सिंग. आणि सावधगिरीचे तत्त्व तसेच प्रदूषण करणाऱ्याने भरपाई देण्याचे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग आहेत, असे त्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या वेलोर येथील संशोधन केंद्राच्या पाहणीचा हवाला देऊन, सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याचे त्यात नमूद आहे. आणि दिंडिगल परिसरातील तेरा गावांच्या पाहणीत ४६७ विहिरींपैकी ३५० दूषित आढळल्याचेही. न्यायालयाने प्रत्येक चर्मालयाला दहा हजार रुपये दंड केला, मद्रास उच्च न्यायालयात पर्यावरणासाठी विशेष पीठ नेमण्यास सुचवले आणि हानीची मोजदाद करण्यासाठी प्राधिकरण स्थापण्याचा हुकूम दिला. ते प्राधिकरण गावोगाव फिरले. २००१ साली त्याने २९ हजारांहून अधिक बाधितांसाठी सुमारे २६ कोटी ८२ लाख रुपयांची भरपाई ठरवली. भागाकार करून पाहिला तर सरासरी माणशी नऊ हजारांच्या आसपास येतात. ज्याच्या विहिरीचे पाणी गेले आणि जमीन चोपण झाली त्याच्या हातात कित्येक वर्षांनी नऊ हजार! मी या प्राधिकरणाला दोष देत नाही. शेतागणिक हानी मांडण्याचे जे काम महसूल खात्याने कधी केले नाही, ते त्याने प्रथम केले, आणि म्हणूनच त्या कामाचे मोल मला त्या रकमेहून मोठे वाटते. पण भरपाईने शेतकऱ्याचे काही दिवस निभावतात. माती मात्र जशीच्या तशी राहते. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला याच खोऱ्यासाठी पुन्हा निकाल द्यावा लागला आणि उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यास सांगावे लागले. पहिला अर्ज आणि हा निकाल यांत चौतीस वर्षे गेली.

कारखान्याचे विष बाहेरून येते. दुसरे विष शेतकऱ्याच्या हातात आपणच दिले. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात, पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्या आघातातूनच दहा वर्षांनी, १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याच १९६८ च्या जानेवारीत वाराणसीच्या विज्ञान परिषदेत, पुढे चेन्नईला कर्मभूमी करणारे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी, मातीची सुपीकता न राखता केलेली शेती आणि कीटकनाशकांचा बेसुमार वापर यांचे परिणाम काय होतील हे बजावले होते. हरितक्रांतीच्या अग्रणीनेच क्रांतीच्या उंबरठ्यावर दिलेला तो इशारा. आपण काय केले? ज्या बीएचसी पावडरीचे पोते एके काळी प्रत्येक कास्तकाराच्या पडवीत असे, तिच्यात कीड मारणारा अंश दहा-पंधरा टक्केच होता; उरलेला, किडीला न मारणारा आणि मातीत वर्षानुवर्षे टिकणारा पदार्थ आपण विनाकारण शेतात पसरत राहिलो. ती १९९७ साली बंद झाली, एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पण बंदी कागदावर ज्या दिवशी येते त्या दिवशी ती मातीत येत नाही. आणि २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, तेव्हा या विषयाला चेन्नईचे किंवा परमुलखाचे म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार मराठी वाचकाला उरला नाही. तळोज्याची कासार्डी, उल्हासनगरची वालधुनी, लोटे-परशुराम आणि तारापूरच्या परिसरातील खाड्या या पालारच्याच बहिणी आहेत.

वाचकाने या पुस्तकातून चर्मालये बंद पाडण्याची हाक ऐकू नये. पालारच्या काठी हजारो घरांची चूल त्या धंद्यावर पेटते, आणि त्यांतील बहुतेक घरे गरिबांची आहेत. अड्यारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत १९४८ पासून काम चालू आहे. क्रोमियम पुन्हा वापरण्याच्या, मीठ कमी करण्याच्या रीती तेथे सिद्ध झालेल्या आहेत. बिघडलेली चोपण जमीन जिप्समने आणि निचऱ्याने सुधारते, हेही खरे. पण जिप्समने सुटलेले सोडियम धुऊन नेण्यास गोडे पाणी लागते, आणि ज्याची विहीरच खारी झाली त्याने ते आणायचे कोठून? षट्संयुजी क्रोमियमला गूळ-मळीसारखे सेंद्रिय पदार्थ किंवा लोहाचे क्षार घालून निरुपद्रवी रूपात आणता येते. पण दीड लाख टनांच्या ढिगाला ते किती लागेल आणि त्याचा खर्च बंद कारखान्याच्या कोणत्या वारसाकडून वसूल करायचा, हा प्रश्न रसायनशास्त्राचा राहत नाही.

म्हणून शेवटी एक मागणी वाचकांपुढे ठेवतो, आणि ती आपल्या आवाक्यातली आहे. १९ फेब्रुवारी २०१५ पासून या देशात मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना सुरू आहे. तिच्यात बारा रकाने आहेत : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगॅनीज, बोरॉन, सामू, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कर्ब. क्रोमियम नाही, शिसे नाही, कॅडमियम नाही, कीटकनाशकांचा अवशेष नाही. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला ज्यांचे शिवार आहे त्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून तेराव्या रकान्याची मागणी करावी, आणि त्याची नोंद सातबाऱ्याला जोडून मिळावी असा आग्रह धरावा. आपल्या शेताची पत्रिका घरात असेल, तर हे पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी ती एकदा काढून पाहा.